खैराचे दार

कोपरी, ठाणे
माघ शुद्ध १०, शके १८०५

हरिभाऊंस परशुरामचा रामराम.

तुम्ही पुण्यास गेल्याला आज नऊ दिवस झाले. बांधाबाहेर खणलेला तुमचा चर अजून तसाच आहे. भरतीला त्यात पाणी शिरते, ओहोटीला अर्धे उरते, आणि बगळे काठावर येऊन बसतात. सातही ओंडके तुम्ही सांगितले तसे ओल्या चिखलात पुरून वर तिवराच्या फांद्या टाकल्या आहेत. मिठागरावरून परतताना मी रोज एकदा पाहून येतो.

गावात दुसरा विषय नाही. खाडीच्या चिखलाखाली दोन पुरुष खोल झाडे निघतात, आणि तीही सालीसकट, हे कोणाच्या बापाने पाहिले नव्हते. ठमाबाई काठी टेकत रोज येते. तिच्या आजीने तिला सांगितले होते म्हणे, की गावदेवी आधी रानात राहत होती. मग पाणी आले आणि देवी टेकडीवर गेली. आजवर आम्ही ती म्हातारीची गोष्ट म्हणून सोडून देत होतो. आता बायका चरापाशी हळदकुंकू वाहून जातात.

भिवा मात्र आहे तसाच आहे. बांधातल्या उघाडीची राखण वडिलांमागून त्याच्याकडे आली, चाळिशी आली, पण माझ्या धाकट्या भावाची जीभ काही ताळ्यावर आली नाही. काल आगरावर सर्वांदेखत म्हणाला, "हरिभाऊ हजार वर्षांचं पान ओळखतात. लहानपणी चिखलात रुतले की माझ्या नावानं भोकाड पसरायचे, ते सांगतात का कुणाला?"

एक काळजी आहे. उघाडीचे दार यंदाचा पावसाळा काढणार नाही. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला खाडी आत येऊ द्यायची नाही, एवढेच त्याचे काम. पण साऱ्या गावचे भात त्यावर उभे आहे. फळ्या कुजून हातात येतात. डोंगरावर कुऱ्हाड लावायला बंदी आली आहे. सहदेव पाटील लाकडासाठी दोन अर्ज देऊन आले, उत्तर नाही.

आठवा ओंडका तुम्ही बरोबर नेलात, त्याचे झाड कोणते ते कळले का? तुमच्या वडिलांनी देवळाच्या ओटीवर आम्हाला अक्षरे शिकवली, त्याच बळावर हे लिहितो आहे. चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.

परशुराम


पुणे
१९ फेब्रुवारी १८८४

परशुरामदादांस सप्रेम नमस्कार.

तो खैर आहे. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. शंका उरली नाही. खैर खाऱ्या चिखलात उगवत नाही. म्हणजे आज जिथे तुमची होडी चालते तिथे एकदा कोरडी जमीन होती, आणि तिच्यावर येऊरच्या डोंगरावर आहे तसे रान होते.

चराच्या भिंतीतून हातहात अंतरावर मातीच्या पुड्या बांधून आणल्या होत्या, आठवतात? भिवा म्हणाला होता, हरिभाऊ मसाल्याचं दुकान काढणार. त्या पुड्या उघडल्या. सर्वांत खाली तांबडा मुरूम. त्यावर काळी माती, तीत खैराच्या शेंगा आणि पाने. त्यावर खाऱ्या चिखलातच वाढणाऱ्या तिवराची मुळे. त्यावर शिंपले. मग वरपर्यंत नुसता चिखल. आधी रान, मग तिवर, मग समुद्र. जमीन खचली, की समुद्र चढला, की पाऊसपाणीच बदलले, हे अजून सांगता येत नाही. किती वर्षांपूर्वी, तेही नाही. हजारो, एवढेच.

आणि लाकडाचे काय सांगू! आमच्या सुताराच्या करवतीचे दोन दात गेले. लोखंड आहे, दादा. इतक्या वर्षांत खारे पाणी त्याला खाऊ शकले नाही. आणखी तितकीच वर्षे खाणार नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. ओंडके मी येईपर्यंत कोणी हलवू नयेत. जुलैत कलकत्त्याला विद्वानांच्या सभेत मला निबंध वाचायचा आहे. तो झाला की येईन आणि उरलेले मोजीन. दुसरे, चिखलात कुठे माणसाची खूण दिसते का, लक्ष ठेवा. तासलेले टोक, खापराचा तुकडा, काहीही. ते पाणी आले तेव्हा पाहायला माणूस होता का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमचा
हरिहर


कोपरी
चैत्र शुद्ध ९, शके १८०६

हरिभाऊंस रामराम.

आज रामजन्म. पाळणा म्हणून झाला, सुंठवडा वाटला, आणि सावलीत बसून हे लिहितो आहे.

तुमचे पत्र होळीनंतर देवळात सर्वांना वाचून दाखवले. रान, तिवर, समुद्र हे ऐकताना कोणी हालले नाही. लाकडाचे वाचले तेव्हा सहदेव पाटलांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. ठमाबाई म्हणाली, "देवीनं आपलं रान जपून ठेवलं होतं. कुणासाठी? आमच्यासाठीच ना?"

दाराची काळजी मिटली. चांगले लाकूड मिळाले. गणू सुताराने पाच पटाशा बोथट केल्या, पण दार असे बसले आहे की भिवा दर भरतीला त्यावर थाप मारून म्हणतो, "ये गं बाय, ये. आता ढकल."

ओंडक्यांची काळजी नसावी.

तुम्ही लक्ष ठेवायला सांगितले म्हणून एक गोष्ट कळवतो. माणसाची खूण दिसली नाही. पण बांधाच्या आतल्या अंगाला, आमच्या खालच्या खाचरात, या महिन्यात तिवराची रोपे उगवली आहेत. वीतभर उंच, पानांवर मीठ. उपटली तर आठ दिवसांत पुन्हा आली. बांधावरचे जुने ताड शेंड्याकडून करपत चालले आहेत. वडिलांच्या वेळी बांधाआड तिवर पाहिल्याचे मला आठवत नाही. आपल्याला काय वाटते?

परशुराम


पुणे
२ मे १८८४

परशुरामदादा,

परवा कलकत्त्यास निघतो. तिथला पत्ता खाली दिला आहे. गडबडीत थोडक्यात लिहितो.

तिवराचे वाचून मी पत्र दोनदा वाचले. चरातल्या त्या थरांत जो क्रम मिळाला तो हाच. आधी तिवर येते, पाणी मागून. आपल्या खैराच्या खोडातली वाढीची कडी मी मोजली. आतली कडी रुंद आहेत, निरोगी. सालीजवळची तीस-एक इतकी बारीक की सुईने वेगळी करावी लागली. म्हणजे ते रान एका दिवसात बुडाले नाही. मुळांना मीठ लागले होते, आणि झाडे तीस वर्षे उभ्या-उभ्या मरत होती.

हे गावात वाचून दाखवू नका. उगाच घबराट होईल. आतल्या अंगाची माती दाबून घ्या, बांध हातभर चढवा. नवे दार आहे, हे फार बरे झाले.

इथला ओंडका उत्तम आहे. माझ्या मेजाशेजारी उभा आहे. येणारा-जाणारा हात लावून पाहतो.

हरिहर


कोपरी
वैशाख वद्य १२

हरिभाऊंस रामराम. प्रवास सुखाचा झाला असेल.

बांध हातभर चढवला. बायकापुरुष सगळे राबले. भिवाची बायको गोदा डोक्यावर पाटी घेऊन चढता-उतरता त्याला म्हणत होती, "दाराचा राजा, जरा फावडंही धर." तो म्हणाला, "राजानं फावडं धरलं तर दाराकडं कोण बघंल?" फार दिवसांनी गाव हसले.

ऊन फार आहे. मिठाला चांगले, माणसाला वाईट.

एक सहज विचारतो. जमिनीत फार वर्षे राहिलेले लाकूड वर काढून उन्हात ठेवले तर त्याचे काय होते? तुमच्याकडचा ओंडका सावलीत आहे, म्हणून विचारले. घाई नाही. पण पावसाआधी उत्तर आले तर बरे.

परशुराम


कलकत्ता
९ जून १८८४

परशुरामदादा,

तुम्ही सहज विचारलेत, मीही सहज सांगतो. लाकूड ते लाकूड. उन्हात थोडीफार चीर जाणारच. सागालाही जाते. त्यात विशेष काही नाही. ओंडक्यांवरच्या फांद्या वाऱ्याने उडाल्या असतील तर पुन्हा चिखल टाका, म्हणजे झाले.

इथे उकाडा असह्य आहे. माझा निबंध अठरा जुलैला ठेवला आहे. इथल्या एका वृद्ध गृहस्थाने माझे काप पाहिले आणि म्हणाले, इतके शाबूत प्राचीन लाकूड आपण पाहिले नव्हते. निबंधाचे पहिलेच वाक्य तेच आहे. तुम्ही जपले म्हणून हे झाले, हे मी सभेत सांगणार आहे.

भिवाला सांगा, त्याच्यासाठी इथून पितळी डबी घेतली आहे. तंबाखू त्याची त्याने भरावी.

हरिहर


कोपरी
आषाढ वद्य ५

हरिभाऊ,

आज सरळ लिहितो. आधीच लिहायला हवे होते.

उघाडीचे दार तुमच्या ओंडक्यांचे आहे. सातांपैकी पाच गेले. तुमचे पत्र वाचले त्याच दिवशी गावाने ठरवले. लाकूड दुसरीकडे मिळत नव्हते, पावसाळा समोर होता, आणि देवीने दिलेले लोखंड चरात पडून होते. तुमच्या दोन मागण्या मी देवळात वाचल्याच नाहीत. वाचल्या असत्या तर गावाला तुमच्या शब्दाबाहेर जावे लागले असते, आणि ते मला नको होते. तुम्हाला कळवले नाही ते लाजेने. दुसरे कारण नाही.

वैशाखात पाण्यावरचा अर्धा भाग उन्हाने तडकला. आधी केसासारख्या रेघा, मग बोट जाईल एवढ्या चिरा, सगळ्या आडव्या. गणूने राळ आणि चिकणमाती भरली. पाऊस लागला तशा चिरा मिटल्या. गावाने देवीला नारळ फोडला. मीही फोडला.

पण परवा एकटा असताना मी दारावर बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. खाली पाण्यात आहे तिथे दगडासारखे वाजते. वर वाजवले तर वाळल्या भोपळ्यासारखे. नख लावले तर आत गेले.

अमावास्येनंतर द्वितीयेला उधाण सर्वांत चढते, भर दुपारी. आमची रीत तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी उघाडी राखणारा आतल्या अंगाने दाराला पाठ लावून उभा राहतो आणि पाणी फिरेपर्यंत हलत नाही. माणसाच्या पाठीने काही खाडी अडत नाही. पण गाव त्याच्याकडे पाहून बांधावर थांबते. वडील उभे राहिले, आजोबा उभे राहिले. यंदा भिवा उभा राहील.

त्याला नको म्हणालो. हसला. "दादा, लोखंड आहे हे तूच वाचून दाखवलंस ना? आता हरिभाऊ खोटे का तू खोटा?"

मला झाडाचे ज्ञान नाही. देवीने दिलेल्या लाकडावर संशय घेतो आहे असे मी माझ्या बोटाच्या पेरावरून गावाला कसे सांगू? तुमचे एक अक्षर आले की सहदेव पाटलांपुढे उभा राहीन आणि उघाडी मातीने बुजवायला लावीन. आतले पाणी तुंबून भात गेले तरी चालेल. टिकेल की नाही, एवढेच लिहा. ताबडतोब लिहा.

परशुराम


कलकत्ता
२४ जुलै १८८४, सकाळ

दादा,

तुमचे पत्र सहा दिवस माझ्या खोलीत पडून होते. सभा झाल्यावर मी कोळशाच्या खाणीत दगड झालेली पाने पाहायला गेलो होतो. आज सकाळी परतलो, उभ्यानेच वाचले आणि तारघरात धावलो. तार ठाण्याला पोचली असेल. पोचलीच असेल. तरी हे लिहितो, कारण तारेत मावले नाही ते मला लिहिलेच पाहिजे.

पुण्यातला ओंडका मार्चमध्येच तडकला होता. एप्रिलअखेर त्याचे चौकोनी तुकडे पडू लागले, जळून विझलेल्या लाकडाचे पडतात तसे. इतकी वर्षे पाण्यानेच त्याला उभे धरले होते. आतला जीव कधीच गेला होता. त्याच्या जागी पाणी होते. पाणी सुकले आणि काही उरले नाही. मी ते तुकडे सुतळीने बांधून ठेवले आणि तुम्हाला लिहिले की उत्तम आहे. तुम्ही उन्हाचे विचारलेत तेव्हा मला कळायला हवे होते की कोणी सहज असे विचारत नाही. कळले नाही असेही म्हणवत नाही. निबंधाचे पहिले वाक्य मला बदलायचे नव्हते.

सभेत टाळ्या झाल्या.

आज द्वितीया आहे. मी आताच पंचांग पाहिले. आज रात्रीच्या गाडीने निघतो. भिवाला माझ्या शपथेवर दूर ठेवा.

हरिहर


कोपरी
श्रावण वद्य ३

हरी,

कल्याणहून तू निरोप पाठवलास की गाडीतून उतरलो आहे, पण गावात यायला पाय धजत नाहीत, कल्याणातच थांबलो आहे. पंधरा दिवस झाले. म्हणून पत्र लिहितो. लहानपणी तुला हरी म्हणत होतो, तसेच आज लिहिले जाते आहे. रागाने नाही.

तुझी तार दुपारी चारला आली. स्टेशनातला माणूस कागद घेऊन स्वतः धावत आला आणि बांधावरच त्याने मला ती मराठीतून सांगितली. लाकूड मेलेले आहे, दाराशी कोणी उभे राहू नये. मी त्याला म्हटले, बरोबर आहे.

पाणी एक वाजता चढले होते. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. खाडी नुसती फुगत होती. सारे गाव बांधावर होते. भिवाने डोक्याला फडके बांधले, दाराला पाठ लावली आणि मला खालून ओरडून म्हणाला, "दादा, तोंड का असं? घाल की खाली उडी, दोघं मिळून धरू." गोदा हसली. मीही हसलो, हरी. अजून तुझे अक्षर आले नव्हते, आणि मी ते येण्याची वाट पाहत होतो. अक्षरापेक्षा माझे बोट मी खरे मानले नाही.

आवाज मोठा झाला नाही. वाळलेली शेंग फुटावी तसा झाला. वरचा अर्धा भाग एकदम आत आला, आणि त्यामागून खाडी. पाण्याने दारासकट दोन्ही बाजूंचा बांध पंचवीस हात नेला. भिवा तिसऱ्या दिवशी ओहोटीला मिळाला, आमच्याच खालच्या खाचरात, त्या तिवराच्या रोपांपाशी. तुझी पितळी डबी कधी आणशील तेव्हा गोदाच्या हाती देऊ नकोस, मला दे.

गावात कोणी तुला बोल लावत नाही. ठमाबाई म्हणते, देवीने आपले लाकूड परत नेले. सहदेव पाटलांनी मागच्या वरच्या बांधाला नवी उघाडी करायला मलाच सांगितले आहे. तू चीर लपवलीस, मी दार लपवले. देवीपुढे बसलो तेव्हा मी दोन्ही नावे घेतली. तिने काय ऐकले ते तिला ठाऊक.

आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो.

बांध फुटला तिथे पाण्याने मोठी घळ पाडली आहे. तुझ्या चरापेक्षा खोल. काल मोठ्या ओहोटीला मी एकटाच तीत उतरलो. तुझे रान तिथे आहे. आडवे पडलेले नाही, उभे. खोडे कमरेएवढी, मुळे तांबड्या मुरुमात घट्ट. वर येऊन खाडीकडे पाहिले तर ओळीने काळी खोडे दिसतात, बाजाराला जमलेल्या माणसांसारखी.

पण खोडांच्या पुढे, खाडीच्या अंगाला, जी ओळ आहे ती झाडांची नाही. हात हात अंतरावर खुंट आहेत, सगळे एका मापाचे. एकाच्या मुळाशी हाताने चिखल काढला. मूळ नाही. टोक आहे, चारी बाजूंनी तासलेले. कुऱ्हाड लोखंडाची होती की दगडाची, ते तू सांगशील. खुंटांच्या मागे माती दाबून भरलेली आहे. तिचा रंग वेगळा आहे, आणि दाबलेली माती मी ओळखतो.

तू विचारले होतेस, पाणी आले तेव्हा पाहायला माणूस होता का. होता. नुसता पाहत नव्हता. त्याच्या खाचरात तिवर उगवले होते आणि त्याने बांध घातला होता.

ती ओळ मी टोकापर्यंत चालत गेलो. मध्ये एका जागी खुंट नाहीत. दोन्ही बाजूंना जाड खांब आहेत आणि मधली जागा मोकळी आहे. वरच्या बांधाला नवी उघाडी करायची म्हणून माझ्या कमरेला मापाची दोरी होतीच. तीच लावली. आपल्या दाराएवढीच रुंदी भरली, हरी. एक माणूस पाठ लावून उभा राहील एवढी.

परशुराम